सहा गाळ्यांचा एक भाव

१४ मार्च २०१६

आकडे कचेरीच्या नोंदवहीत जातात. जे मला नीट कळत नाही ते लिहायला ही वेगळी वही आणली. मोसम तोंडावर आलाय, म्हणजे ती भरायला वेळ लागणार नाही.

आज नवा फळा बसला. पुढे काचेचं दार, आत हिरवं कापड, वर पत्र्याचं छोटंसं छप्पर. गेल्या वसंतात माझे कागद वारा घेऊन जायचा. एकदा अख्ख्या आठवड्याचे भाव बँकेच्या पायरीवर सापडले होते. फळा दिला लोकरबाजारातल्या जुन्या गाळेवाल्या पुरेवकाकांनी. स्वतः दोन माणसं घेऊन आले, भिंतीला भोकं पाडून घेतली, काच पुसून दिली. म्हणाले, "पोरी, लोकांना भाव कळायलाच हवा. अंधारात ठेवून धंदा करणं मला नाही जमत."

जिगजिदसाहेबांना मी हळूच विचारलं, "ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याकडूनच फळा घ्यावा का?"

"सारुल, तो तुझ्या घरात लागतोय का? लोकांच्या भिंतीवर लागतोय."

पटलं. अगदी पूर्ण नाही, पण पटलं.

कचेरीत आम्ही दोघंच. ते साहेब, मी निरीक्षक, टंकलेखक आणि शेगडीत कोळसा घालणारी. शार-हुदगसारख्या जिल्ह्याच्या गावात व्यापारातल्या स्पर्धा कायद्याची कचेरी कशाला, असं लोक अजून विचारतात. सासऱ्यांना तर वाटतं मी घोड्यांच्या शर्यतींचं काहीतरी बघते.

२२ मार्च

पहिला पश्मिना बाजारात आला. बकऱ्या विंचरायला अजून थंडी आहे, पण कुणाला तरी घाई असतेच.

भावपत्रकाचं काम सुरू. रोज संध्याकाळी पाच वाजता लोकरबाजारातल्या सहाही गाळ्यांना फोन करायचा, किलोचा खरेदीचा भाव विचारायचा, सकाळी आठला फळ्यावर लावायचा आणि एक प्रत स्थानिक रेडिओला द्यायची. गेल्या वर्षी ही कल्पना मीच काढली. साहेबांना राजधानीतून कौतुकाचं पत्र आलं. ते चौकटीत घालून त्यांनी खुर्चीमागे लावलंय.

पुरेवकाका मी फोन करायची वाटच बघत नाहीत. साडेचारला त्यांचाच येतो. मग मी बाकीच्यांना लावते. जो तो आधी विचारतो, "पुरेवकाकांनी काय सांगितलं?" मी सांगते. लपवण्यासारखं काय आहे, सकाळी फळ्यावर येणारच.

आज काकांनी आणखी एक सुचवलं. नुसती सरासरी कशाला? नावानिशी लिही, कोण किती देतो ते मेंढपाळांना कळू दे. म्हातारा माणूस, पण डोकं किती नवं! उद्यापासून नावं लिहिणार.

२ एप्रिल

दोलगोरमावशी कचेरीत आल्या. सत्तर किलोमीटरवरून, मोटरसायकलच्या मागे पोती बांधून. साठीच्या आहेत, एक खुबा निकामी, नवरा गेल्यापासून दोनशे बकऱ्या एकट्या सांभाळतात. आत येऊन बसल्या नाहीत, फळ्याकडे बोट करून उभ्या राहिल्या.

"तो फळा तू लिहितेस?"

"हो, मावशी."

"वाचून दाखव. चष्मा राहिला."

मी वाचून दाखवलं. सहा नावं, सहाही ठिकाणी छप्पन्न हजार तुगरिक.

"काल?"

"पंचावन्न."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"माझ्या कळपात दोनशे बकऱ्या आहेत," मावशी म्हणाल्या, "सगळ्या एका बोकडाच्या मागे चालतात, तरी दोन तोंडं एका वेळी एका दिशेला वळत नाहीत. हे सहा पुरुष कसे वळतात ते बघ. पगार घेतेस ना?"

मी चहा दिला तर म्हणाल्या, फार अळणी आहे. दोनदा मीठ घालून घेतला.

त्या गेल्यावर मी मागच्या सगळ्या पत्रकांचा आलेख काढला. सहा रंगांच्या पेन्सिली घेतल्या होत्या. एकच रेघ आली. सहा रंग एकमेकांवर बसून मातकट झाले. मी गणित शिकलेय. एकाच मालाचा भाव जवळपास राहणार हे मला कळतं. पण जवळपास आणि तंतोतंत यात फरक असतो.

५ एप्रिल

सातवी खरेदीदार आली! सोयोल्मा नावाची बाई, शेजारच्या जिल्ह्यातली, चाळिशीची, स्वतः ट्रक चालवते. गावाच्या तोंडाशी पेट्रोलपंपाजवळ ट्रक लावलाय, मागचं फळकूट उघडून तराजू मांडलाय. एकसष्ट हजार देते. मी तिथे पोचले तर वीसेक मेंढपाळ रांगेत.

मी ओळख सांगितली, भाव विचारला, वहीत लिहिला. तिने माझी वही पाहिली आणि म्हणाली, "ताई, माझं नाव फळ्यावर नको."

"का?"

"लोकांना कळायचं ते तोंडोतोंडी कळतंय. मला चार दिवस द्या. माल भरते आणि जाते."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हटलं.

तिने खांदे उडवले आणि पुढचं पोतं तराजूवर टाकलं. मला ते आवडलं नाही. सहाजण बिनदिक्कत भाव सांगतात आणि हिलाच काय लपवायचंय? हिच्या वजनांची तपासणी करायला हवी.

६ एप्रिल

वजनं बरोबर निघाली. एका ग्रॅमचाही फरक नाही. सकाळी फळ्यावर सातवी ओळ लावली. पुरेवकाका काचेसमोर बराच वेळ उभे होते. नंतर आत येऊन माझ्या टेबलावर वाळवलेल्या दह्याचे खडे ठेवून गेले.

९ एप्रिल

आज जे पाहिलं त्याने मी हरखून गेलेय. बाजारातले दोन गाळेवाले आपापले तराजू घेऊन थेट पेट्रोलपंपावर आले, एक सोयोल्माच्या ट्रकच्या डावीकडे, एक उजवीकडे. ती एकसष्ट म्हणाली की हे त्रेसष्ट. तिने चौसष्ट केले की हे सहासष्ट. मेंढपाळ तिची रांग सोडून पळत सुटले. पुस्तकात वाचलेली स्पर्धा डोळ्यांसमोर घडत होती! साहेबांना सांगितलं तर त्यांनी लगेच राजधानीला फोन लावला.

एकच गोष्ट खटकली. संध्याकाळी त्याच दोघांनी फोनवर छप्पन्नच सांगितले. धावपळीत विसरले असतील. उद्या आठवण करून देईन.

१३ एप्रिल

सोयोल्मा चालली. ट्रक अर्धासुद्धा भरला नाही. राहायला घेतलेली खोली मालकाने अचानक रिकामी करायला लावली, म्हणून दोन रात्री ती गाडीतच झोपली म्हणे. मी निरोप द्यायला गेले. कशासाठी गेले ते माहीत नाही.

ती चाकांचे नट आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "गेल्या वर्षी पलीकडच्या जिल्ह्यात मी असाच पूर्ण ट्रक भरला होता. तिथे फळा नव्हता."

"फळा मेंढपाळांसाठी आहे."

"ते मेंढपाळ इथे उभे राहून मला बघतच होते, ताई. फळा वाचून कोण आलं ते आठवून बघा." मग उठली, हात पुसले. "तुम्ही चांगल्या आहात. तीच तर अडचण आहे."

ती काय म्हणाली ते अजून माझ्या डोक्यात बसत नाही. हरलेला माणूस बोलतो तसं बोलली असेल.

१४ एप्रिल

भाव: छप्पन्न. सहाही ठिकाणी. पेट्रोलपंपावरचे दोन्ही तराजू परत गाळ्यात.

१८ एप्रिल

आता मला खरंच जाणून घ्यायचंय. साहेबांना न सांगता माझी शोधाशोध चालू आहे.

हे सहाजण भेटत असतील तर कुठे? बाजाराजवळच्या खानावळीत तीन सकाळी जाऊन बसले. तळलेले मटणाचे हुशूर खाऊन पोट बिघडलं, पण सहातला एकही फिरकला नाही. पुरेवकाका देवळात जातात, एकटेच. प्रार्थनाचक्रं फिरवतात आणि घरी परततात. दोन गाळेवाले एकमेकांचे मेहुणे आहेत, पण शर्यतीच्या घोड्यावरून भांडण होऊन चार वर्षं बोलत नाहीत. समोरासमोर आले तर एकजण रस्ता बदलतो. हे मी स्वतः पाहिलं. तरी दोघांचा भाव रोज तोच!

सर्वांत धाकटा ओचिर. तिशीचा, दोन वर्षांपूर्वीच गाळा घेतला. त्याला थेट विचारलं, "भाव कसा ठरवतोस रे?"

"तुम्ही सांगता तसा," म्हणाला आणि हसला. मग हसू गिळून पोती मोजायला लागला.

चेष्टा करतो मेला.

२४ एप्रिल

तीन दिवस तापाने फणफणले. पत्रक नाही, फोन नाही. बाहेर धुळीचं वादळ, सारं गाव पिवळं. माझी आई डोक्यावर ओली फडकी ठेवत होती.

पुरेवकाका मटणाचं गरम सूप घेऊन आले. मी झोपेत होते. ते गेल्यावर आई म्हणाली, "हा माणूस तुझ्या तापाबद्दल एकदा बोलला आणि फोन कधी सुरू करणार ते तीनदा विचारून गेला."

"अगं, त्यांना लोकांची काळजी आहे."

आईने वाटी माझ्या हातात दिली. ते सूप तिने स्वतः घेतलं नाही.

२६ एप्रिल

कामावर. बाजारात गेले तेव्हा दोलगोरमावशी उरलेली दोन पोती विकून निघाल्या होत्या. किती मिळाले विचारलं. "त्रेसष्ट. आणि कोपऱ्यातला सत्तावन्न म्हणत होता, त्याला चार शब्द ऐकवून आले." इतरांनाही विचारत फिरले. पंचावन्न, अठ्ठावन्न, साठ, एकसष्ट. सहा गाळे, सहा भाव. गंमत आहे. धुळीमुळे माल कमी आला म्हणून असेल का? पण मग सगळीकडेच सारखा वाढला असता.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन. साडेचारला काकांचा आला: छप्पन्न.

२७ एप्रिल

सकाळी आठला पत्रक लावलं. छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न. काचेचं दार लावताना काचेत माझाच चेहरा दिसला आणि हात तिथेच थांबला.

काल दुपारपर्यंत सहा भाव होते. मी फोन केले आणि सहाच्या सहा एका रांगेत उभे राहिले.

ते कुठेच भेटत नाहीत, कारण त्यांना भेटायची गरजच नाही. पुरेवकाकांचा भाव बाकीच्या पाचजणांना रोज मी सांगते. दुसऱ्या दिवशी तो कुणी पाळला, कुणी मोडला, तेही नावानिशी काचेत लावते. सोयोल्मा एकसष्ट देते हे मीच त्यांना लिहून दिलं. आणि इतके दिवस मी खानावळीत, देवळात, कुठे कुठे शोधत होते.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी पाचला फोनसमोर बसले आणि उचलला नाही. साडेचारला वाजला होता, तोही घेतला नव्हता.

२८ एप्रिल

साहेबांना सगळं सांगितलं. आलेख दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "फळा वाचणं गुन्हा आहे का?"

"नाही."

"शेजाऱ्याचा भाव बघून आपला ठरवणं?"

"नाही, पण आधी संगनमत झालेलं असेल तर..."

"असेल तर. पुरावा?"

माझ्याकडे नव्हता. त्यांची नजर सारखी भिंतीवरच्या चौकटीकडे जात होती. पुढच्या महिन्यात तीन जिल्ह्यांचे लोक आमचा फळा बघायला येणार आहेत. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

शेवटी एवढ्यावर मान्य झाले: नावं बंद, रोजचे फोन बंद. आठवड्यातून एकदा, मेंढपाळांनाच विचारून काढलेली सरासरी.

२ मे

नवं पत्रक लावून तासही झाला नव्हता. साहेब चहा घेत होते. दार उघडून पुरेवकाका आत आले, टोपी न काढता. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सारुल, नावं कुठायत?"

"आता आठवड्याची सरासरी लावणार, काका."

"सरासरी घेऊन काय करू मी? चाटू? कोण भाव मोडतोय ते मला कळणार कसं?"

शेगडीत कोळसा तडतडला.

साहेबांनी पेला खाली ठेवला. "कोणता भाव, पुरेव?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. टोपी काढली, परत घातली. "मेंढपाळांच्या भल्याचं बोलत होतो मी," म्हणाले आणि निघून गेले. दार उघडंच राहिलं. साहेब स्वतः उठले, दार लावलं आणि म्हणाले, "आत्ता जे ऐकलं ते वेळेसकट लिहून काढ. मी सही करतो."

५ मे

ओचिर आला. आधी कचेरीसमोरून तीनदा गेला. आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसला.

"ताई, कायद्यात असं काही आहे का, की जो पहिला येऊन सांगेल त्याचा दंड कमी?"

"आहे."

"माझ्याआधी कोणी आलंय?"

"मला सांगता येणार नाही."

खरं म्हणजे कोणीच आलं नव्हतं. तो घामाघूम झाला. पत्रकातून नावं गेल्यापासून प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय येतोय म्हणे. दोघं गुपचूप साठ देतायत असं ऐकू येतंय. आणि त्या दोघांपैकी कोणीतरी इथे येऊन गेला असेल, या भीतीने तो आला.

मग त्याने सांगितलं. एकदाच बसले होते ते. फेब्रुवारीत, नववर्षाच्या पांढऱ्या महिन्यात, पुरेवकाकांच्या घरी. वाफवलेल्या मटणाच्या बूझची थाळी, घोडीच्या दुधाची दारू, सगळे नवे कपडे घालून. भांडलेले मेहुणेसुद्धा होते, दोन टोकांना. काका म्हणाले, रोजचा भाव मी ठरवीन. जो मोडेल त्याच्या दारात बाकीचे तराजू लावतील आणि त्याला माल मिळू देणार नाहीत. बाहेरचा आला तर त्यालाही तेच. फोनवर एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही, दुसऱ्या जिल्ह्यातले लोक तसेच पकडले गेले होते.

"मी विचारलं," ओचिर म्हणाला, "की मग भाव कळणार कसा? आणि कोणी मोडला तर समजणार कसं?"

"मग?"

तो जमिनीकडे बघत होता.

"काका म्हणाले, सारुल आहे ना."

माझं पेन चालत होतं ते थांबलं. "सगळे हसले?" मी विचारलं. हा प्रश्न चौकशीचा नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "कोणी नाही हसलं. काका म्हणाले, पोरगी कामात चोख आहे, एक दिवस चुकवत नाही."

९ मे

राजधानीतून दोन अधिकारी आले. सहाही गाळ्यांची झडती. पाचजणांच्या फोनमध्ये माझ्या फळ्याचे फोटो सापडले, दररोजचे, मार्चपासून. एकाने तर कोण कधी चुकला त्यावर लाल खुणा केल्या होत्या. सोयोल्माच्या ओळीभोवती गोल होता.

अहवाल मी लिहितेय. दोन दिवस एका वाक्यावर अडले होते. आज लिहिलं: "या सहा जणांमधला निरोप रोज संध्याकाळी मी पोहोचवत होते."

११ मे

साहेबांनी अहवाल वाचला. त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे हवंच का? ओचिरचा जबाब आहे, फोटो आहेत. एवढं पुरेसं आहे."

"मग ते फोटो कशाचे, हे कोण सांगणार?"

"तुला दोन वर्षं झाली नोकरीला. नाव खराब करून घेशील."

"साहेब, तीन जिल्हे आपल्यासारखाच फळा लावणार आहेत. हे वाक्य काढलं तर तिथेही एक सारुल रोज पाचला फोन करेल."

ते उठून खिडकीशी गेले. बाहेर दोन मेंढपाळ फळ्यावर बोटं फिरवत नावं शोधत होते. मी जेवायला घरी गेले. परत आले तर अहवाल माझ्या टेबलावर, सही केलेला. माझ्या वाक्याखाली त्यांच्या तिरक्या अक्षरात आणखी एक होतं: "या फळ्याला आणि नावं छापण्याला मंजुरी मी दिली होती. जिगजिद."

भिंतीवरची चौकट तिथेच आहे. ती काढावी असं मलाही वाटलं नाही. पत्र खोटं थोडंच होतं.

२० सप्टेंबर

राजधानीत सुनावणी झाली. पुरेवकाकांचा वकील तरुण, चकचकीत बुटांचा. फळ्याचा फोटो वर धरून म्हणाला, "ज्याला कट म्हणताय ती सरकारी सेवा आहे. भाव सरकारी निरीक्षक सांगते, सरकारी भिंतीवर लागतो, सरकारी रेडिओ वाचतो. माझ्या अशिलांनी फक्त ऐकला." लोक हसले.

मग त्याने मला उभं केलं. "रोज संध्याकाळी या पाचजणांना पहिल्याचा भाव कोण सांगायचं?"

"मी."

"तुम्हाला कोणी सक्ती केली होती?"

"नाही. मला वाटायचं मी मेंढपाळांचं काम करतेय."

"म्हणजे तुम्हालाही यात गैर काही दिसलं नाही."

"नाही दिसलं," मी म्हटलं. "पण मी फेब्रुवारीत त्या बूझच्या थाळीवर बसले नव्हते. ते बसले होते."

आता कोणी हसलं नाही. मी जागेवर जाऊन बसले.

पाचजणांना दंड झाला, ओचिरला थोडक्यात सोडलं. मला लेखी ठपका: देखरेखीखालच्या व्यापाऱ्यांकडून वस्तू स्वीकारणे आणि माहिती हाताळण्यात निष्काळजीपणा. ठपका बरोबर आहे. सोयोल्माचं जे नुकसान झालं त्याचं काय, असं मी सुनावणीच्या अध्यक्षांना विचारलं. तिने स्वतंत्र दावा लावावा म्हणाले. मी तिला फोन केला. तिने ऐकून घेतलं, ट्रक चालवतेय म्हणाली आणि ठेवून दिला.

बाहेर पायऱ्यांवर पुरेवकाका भेटले. म्हातारे दिसत होते. "पोरी, तुझ्यावर माझा राग नाही," म्हणाले. "तू काम चोख करायचीस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल २०१७

पुन्हा मोसम. ठपक्यानंतर मला काढतील असं वाटलं होतं. उलट भावपत्रक कसं असू नये यावर टिपण लिहायला सांगितलं. दुसऱ्या जिल्ह्यांना तेच पाठवतात. नावं नाहीत, आजचे आकडे नाहीत, व्यापाऱ्याला विचारायचं नाही, विकणाऱ्याला विचारायचं. लिहायला सोपं वाटतं.

यंदा भाव चढे आहेत आणि गाळ्यागाळ्यात वेगळे आहेत. चढे आमच्यामुळे की सीमेपलीकडच्या गिरण्यांची मागणी वाढली म्हणून, मला सांगता येत नाही. वेगळे कशामुळे ते मात्र बहुतेक सांगता येईल. गाळे आता आठ झालेत. पुरेवकाकांचा त्यांच्या सुनेने घेतलाय.

दुपारी दोलगोरमावशी आल्या. यंदा सोबत काठी. फळ्यावर आठवड्याची एकच सरासरी बघून भडकल्या होत्या.

"नावं का काढलीस? पूर्वी इथे उभं राहिलं की सगळं कळायचं. आज आठ दारं फिरले! या खुब्यावर! सकाळपासून चहा नाही पोटात."

"मावशी, पूर्वी सगळ्यांचा भाव सारखाच असायचा. फिरायची गरजच नव्हती."

"तेच म्हणतेय मी. सोय होती."

मी चहा दिला, मीठ जास्त घालून. त्या बसल्या. पहिल्यांदाच बसल्या या कचेरीत. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून फुंकर मारत प्यायल्या. दुसरा पेला मागितला. मग हळूहळू कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि आठव्या दारातल्या माणसाला कसं रडकुंडीला आणलं ते सांगायला लागल्या. तो तराजूवर पोतं ठेवायचा, या उचलायच्या, सातव्या दाराकडे वळायच्या, तो हाका मारायचा. असं तीनदा. सांगताना इतक्या हसल्या की चहा सांडला.

"मग शेवटी किती मिळाले?" मी विचारलं. नोंदीसाठी नव्हे, मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मावशींनी पेला खाली ठेवला, काठी टेकून उठल्या आणि माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं.

"तुला नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "लगेच भिंतीवर लावशील."